मी एक्कावन्न, माझ्या धमन्या सदुसष्ट

४ जानेवारी, शुक्रवार
एचआयव्हीचा रिपोर्ट आला. विषाणू रक्तात सापडतच नाही. सलग बारावं वर्ष! सतरा वर्षांत रोजची गोळी एकदाही चुकलेली नाही. शाबासकीच्या अपेक्षेने डॉक्टरीणबाईंसमोर ताठ बसलो. त्यांनी दंडांना आणि घोट्यांना पट्टे बांधले, मशीन चालू केलं आणि म्हणाल्या, तुम्ही एक्कावन्न वर्षांचे, पण तुमच्या धमन्या सदुसष्ट वर्षांच्या. म्हणे विषाणू झोपला तरी शरीर आतून धुमसत राहतं, त्याने रक्ताच्या नळ्या लवकर कडक होतात. त्यात माझी सिगारेट. असंच चाललं तर हार्ट अटॅक ठरलेला.
मी म्हटलं, मशीन बिघडलंय. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, मला मशीन कळतात. त्यांनी तेच पट्टे स्वतःला बांधले. वय एकोणचाळीस, मशीन म्हणालं छत्तीस. मालकिणीची खुशामत करणारं मशीन!

५ जानेवारी
संकल्प. सिगारेट बंद. रोज दहा हजार पावलं. लिफ्टऐवजी जिना. कोलेस्टेरॉलची नवी गोळी. सुरुवात सोमवारपासून. शनिवारी सुरू केलेलं टिकत नाही.

७ जानेवारी, सोमवार, सकाळी ६.१०
उठलो. बाहेर गार आहे. गारठ्यात नळ्या आखडतात असं कुठेतरी वाचलंय. उगाच जोखीम नको. झोपतो.

१० जानेवारी
सिगारेट पूर्ण बंद. फक्त गच्चीवरच्या मशीनरूममध्ये एक. ती खोली घरात येत नाही, रस्त्यावरही येत नाही, म्हणून धरत नाही.

१५ जानेवारी
आज बारा मजले जिन्याने. उतरलो. बाई जिना वापरा म्हणाल्या होत्या, दिशा सांगितली नव्हती.
नव्या गोळ्यांचं पाकीट अजून फोडलेलं नाही. एक गोळी घेणारा माणूस धडधाकट असतो, दोन घेतल्या की पेशंट.

२२ जानेवारी
शोध लागला! ग्रीसिंग करताना फोन लिफ्टच्या मोटरवर ठेवला होता. थरथरीने पावलं मोजली गेली, ११,४००. मोटर माझ्याच देखरेखीखाली चालते, तेव्हा पावलंही तशी माझीच.
संध्याकाळी बायकोने आकडा बघितला. तिचे डोळे भरून आले. मी नम्रपणे मान खाली घातली.

९ फेब्रुवारी
बायकोने बूट घेतले. म्हणते, मला मागे पडायचं नाही. रोज माझा आकडा विचारते आणि तेवढं चालून येते. काल मोटर जरा जास्तच चालली, बिचारीला साडेनऊ किलोमीटर पडले. वाईट वाटलं. उद्यापासून फोन मोटरवरून लवकर उचलेन.

५ एप्रिल, शुक्रवार
तपासणी. बायको सोबत. पावलांचे सगळे आकडे तिने कागदावर उतरवून आणलेले. गोळी चालू, सिगारेट बंद, असं मीही सांगून टाकलं. मशीन म्हणालं, एकोणसत्तर.
वाटलं, बाई ओरडतील. त्यांनी बायकोचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, एवढा व्यायाम, गोळी चालू, सिगारेट नाही, तरी नळ्या आणखी कडक, म्हणजे आत काहीतरी भलतंच आहे. सोमवारी ॲडमिट व्हा, अँजिओग्राफी करू. बायकोने माझा हात घट्ट धरला. खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण पायाला पट्टे बांधलेले असताना माणसाने कबुली देऊ नये.

६ एप्रिल
पूर्ण विचार केला. अँजिओग्राफी सोपी. ते डॉक्टर लोक करतात, आपण नुसतं पडून राहायचं. बायकोला सांगणं अवघड. निर्णय पक्का, गप्प राहायचं.

७ एप्रिल, रविवार
सांगितलं. हॉस्पिटलची बॅग भरताना ती माझ्या टॉवेलची घडी पुन्हा पुन्हा घालत रडत होती. राहवलं नाही. मोटर, मशीनरूम, न फोडलेलं पाकीट, सगळं सांगून टाकलं. वाटलं, भांडेल. तिने एवढंच विचारलं, की तुमच्यामागे मी एकटीने किती वर्षं काढायची, तोही आकडा सांगून ठेवा. पहिल्यांदाच खरी भीती वाटली.
तिनेच बाईंना फोन लावून दिला. त्यांनी आधी सुटकेचा निःश्वास सोडला, मग मला चांगलं झाडलं. ॲडमिट होणं तूर्त रद्द, बाकी सगळं आजपासून, खरंखुरं. पहिली गोळी घेतली. मग आमच्याच बिल्डिंगचा जिना, या वेळी वरच्या दिशेने. आठ मजले ठरवले होते. दुसऱ्यावर बसकण मारली. बायको शेजारी येऊन बसली. तिला जरासुद्धा धाप लागलेली नव्हती.