उजव्या बाजूचं सदर

३ जून, सकाळी
निवृत्त माणूस गंजतो म्हणतात. मी गंजणार नाही. विमा ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या फायली वाचल्या, आता समाजाला दिशा देणार. साप्ताहिकाचा संपादक माझा शाळासोबती. त्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या अंकातली पुस्तक-परीक्षणं सगळी डावीकडे कललेली असतात; इतिहास, राजकारण, अर्थशास्त्र, संस्कृती, यांवरची पुस्तकं परंपरावादी नजरेनं बघणारा कोणी हवा. तो म्हणाला, आहे का कोणी असा? मी नुसता खाकरलो. सदर मिळालं! नाव ‘उजव्या बाजूने’.
संकल्प: आठवड्याला एक पुस्तक. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

५ जून
लायब्ररीतून इतिहासाचा ठोकळा आणला. विषय: कारागिरांचे जुने संघ, त्यांचा उदय आणि अस्त. लेखिका निवृत्त प्राध्यापिका, परंपरावादी म्हणून नावाजलेल्या. प्रस्तावना वाचली. शब्द न् शब्द पटला. इतकं पटत असेल तर पुढे वाचायची घाई कशाला?

सासरे पुस्तकाचं कव्हर बघून ‘हं!’ म्हणाले. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. एके काळी छापखान्यातल्या कामगारांचे पुढारी. मी त्यांना मनातल्या मनात कॉम्रेड म्हणतो. आल्यापासून खिडकीशी खुर्ची टाकून गप्प बसतात, अर्धवट जेवून ताट सारतात. म्हणून हा ‘हं!’ नोंदवून ठेवतोय. विरोधक हादरलेले दिसतात.

८ जून
पुस्तकाच्या उदय या भागात बरीच प्रगती. (चाळला.) अस्त नंतर बघू. अस्तात काय बघायचं असतं?

परीक्षण लिहून टाकलं. सार असं: संघाच्या प्रमुखांनी नवख्यांना दार बंद ठेवलं, शिस्त कडक ठेवली, म्हणून संघ टिकले. आजच्या पिढीने धडा घ्यावा. शेवटचं वाक्य लिहिताना अंगावर काटा आला.

१३ जून
छापून आलं. हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती, म्हणाली, छान आहे, पण टिकले तर मग आज कुठे आहेत ते संघ? बायकांना इतिहासाची दृष्टी नसते.

जेवताना कॉम्रेड भडकले. म्हणाले, जावईबापू, त्या संघांत शिकाऊ पोरांना उपाशी राबवत, त्याचं काय? मी म्हटलं, शिस्त. ते म्हणाले, तुमचं डोकं! असं बोलता बोलता सगळं ताट संपवलं आणि वर भात मागून घेतला. नंतर ठोकळा काखेत मारून खोलीत गेले. शत्रूचं साहित्य नीट वाचल्याशिवाय त्याला झोडपता येत नाही, म्हणे. वाचा बापडे. वयाच्या मानाने झेपेल असं वाटत नाही.

२० जून
अर्थशास्त्र. पुस्तकाचा मुद्दा स्वच्छ आहे (मलपृष्ठावर आहे): सरकारने लोकांच्या व्यवहारात नाक खुपसू नये, माणसं आपापसांत मार्ग काढतात. झकास लेख झाला. मध्येच वरच्या मजल्यावरच्याने ड्रिलिंग सुरू केलं, एकाग्रता भंगली. नगरपालिकेला तक्रारीचा फोन केला. कोणी उचलत नाही. सरकारचं लक्ष आहे कुठे?
कॉम्रेड वर गेले, त्या माणसाशी बोलले, चहा पिऊन आले. ड्रिलिंग आता दुपारी चारनंतर. त्यांचा जुना युनियनबाजीचा स्वभाव, दुसरं काय.

२७ जून
संस्कृती. नुसतं लिहून भागणार नाही, आचरणात आणलं पाहिजे. घरात नवी परंपरा जाहीर केली: रात्री आठला सगळ्यांनी एकत्र जेवायचं, मोबाइल बंद, कुटुंबप्रमुखाने दोन शब्द बोलायचे. ही म्हणाली, नवी परंपरा म्हणजे काय? या घरातली सगळ्यात जुनी परंपरा म्हणजे मी सांगेन तेव्हा जेवायचं. कॉम्रेड हसले. चक्क हसले! आणि म्हणाले, अहो, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की, वरून हुकूम सोडून रीत रुजत नाही, ती वापराने रुजते. मी विचारलं, कुठे लिहिलंय? ते म्हणाले, अस्ताच्या भागात.
जेवलो साडेआठला. माझ्या तत्त्वांना मुरड घातली असं नव्हे. भूक नव्हती.

१ जुलै
ही हळूच म्हणाली, सदर बंद करू नका हं. बाबा तुमच्याशी भांडायला लागल्यापासून माणसांत आलेत, काल आईची आठवण काढून बोललेसुद्धा. माझ्या विचारांची ताकद घरच्यांना आता कळू लागली आहे.

४ जुलै
मोठी बातमी. ठोकळ्याच्या लेखिकाबाई पुढच्या रविवारी लायब्ररीत येणार. त्यांची जाहीर मुलाखत मी घ्यायची! संपादक म्हणाला, पुस्तक पूर्ण वाचलंयस ना? मी म्हटलं, आपली मैत्री किती वर्षांची? तो म्हणाला, म्हणून तर विचारतोय.
संकल्प: रविवारपर्यंत अस्त संपवायचा. अडचण एकच. ठोकळा कॉम्रेड सोडत नाहीत. (मी मागितला नाही, पण त्यांनीही आपणहून द्यायला हवा होता.)

१० जुलै
कोट इस्त्री केला. प्रश्न तयार आहेत, सगळे प्रस्तावनेवर. चांगल्या प्रस्तावनेत सगळं पुस्तक असतंच.

११ जुलै, रविवार, संध्याकाळी
लायब्ररीचा हॉल भरलेला. पहिल्या रांगेत ही आणि कॉम्रेड. बाई बारीक, पांढऱ्या केसांच्या, आवाज खणखणीत. मी आरंभीच म्हटलं, बाई, दारं बंद ठेवल्यामुळेच संघ टिकले, हा आपला सिद्धान्त मला फार भावला. बाई शांतपणे म्हणाल्या, माझा सिद्धान्त बरोबर उलटा आहे. दारं बंद केली म्हणून संघ बुडाले. जुनं घर राखायचं तर डागडुजी करावी लागते, कडी लावून आत बसून भागत नाही. निम्मं पुस्तक त्यावरच आहे. आपण कुठपर्यंत आला आहात?

मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा होता, तरी प्यायलो.

तेवढ्यात कॉम्रेड उठले. वाटलं, आता हा म्हातारा मला भर सभेत सोलणार. ते म्हणाले, आमच्या जावयांनी मुद्दाम उलटं बोलून बाईंना बोलतं केलं, आता माझा खरा प्रश्न घ्या. आणि ठोकळा उघडला. पानोपानी खुणेच्या चिठ्ठ्या. शिकाऊ पोरांच्या प्रकरणावरून ते बाईंना भिडले. बाईंनी बाह्या सरसावल्या. हे म्हणाले, तुम्ही मालकांची बाजू घेता. त्या म्हणाल्या, तुम्ही मोडायला फार उतावीळ. एका मुद्द्यावर यांनी हार मानली, दोनांवर बाईंनी. लोक टाळ्या वाजवत होते. मी मध्ये बसून एकदा यांच्याकडे, एकदा बाईंकडे बघत होतो. सूत्रसंचालन उत्तम झालं.

घरी येताना रिक्षात कॉम्रेडना म्हटलं, मघाशी सांभाळून घेतलंत. ते म्हणाले, लेकीचं कुंकू ते, चारचौघांत कसं पुसू? मग म्हणाले, खूप दिवसांनी अशी कडकडून भूक लागलीय. ही खिडकीबाहेर बघत डोळे टिपत होती. वाऱ्याने असेल.

१४ जुलै
संपादकाचा फोन. आवाजात लोणी. म्हणाला, सदराला मागणी आहे. मी म्हटलं, होणारच. तो म्हणाला, वाचकांना सासरे हवेत. पुस्तकं उजव्या बाजूची, वाचणारा डावीकडचा, भांडणारा पण पूर्ण वाचणारा. मी विचारलं, आणि मी? तो म्हणाला, तुलाही मोकळं सोडत नाही. सासऱ्यांना कॉम्प्युटर येत नाही. त्यांनी सांगायचं, तू टाइप करायचं, प्रुफं तपासायची.
विचार करून कळवतो म्हटलं. नकार ठाम होता, पण हिने तोवर हो म्हणून टाकलं.

१८ जुलै, दुपारी
पहिला लेख टाइप केला. कॉम्रेड खिडकीशी उभे राहून सांगत होते, मध्येच हात उंचावत होते, युनियनच्या सभेत असल्यासारखे. पहिलंच वाक्य: “आमचे जावई पुस्तकाशी इतके सहमत असतात की त्यांना ते वाचावं लागत नाही.”
तीनदा तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही.