मधुराने आणलेले आंबे

शुक्रवार, नोव्हेंबर. गुंगालिन, कॅनबेरा.

पाहुणे गेले. आमरसाच्या वाट्या टेबलावर तशाच पडल्यात, आवरायला उठवत नाहीये. मधुराची वाटी अर्धीच राहिलीय.

आंबे तिनेच आणलेले. माझी कॉलेजची मैत्रीण, आता ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेला, नॉर्दर्न टेरिटरीतल्या कॅथरीन गावात डॉक्टर. तिकडे आंब्याचा मोसम आत्ताच असतो. विमानातून पेटी सांभाळत आली बिचारी. आणि तिच्याच आंब्यांचा रस खाता खाता मी काय बोलले! कोणीतरी विचारलं, "तू फेडरल बजेटचं बघतेस ना, मग आपला टॅक्स जातो कुठे?" मी म्हटलं, "टेरिटरीत! माणसं मूठभर, पण दरडोई खर्च बघ. त्यापेक्षा प्रत्येकाला एकेक बंगला द्या आणि मोकळे व्हा." सगळे खो खो हसले.

मधुरा शांतपणे म्हणाली, "अगं, पावसात रस्ते बंद होतात. एका अडलेल्या बाईसाठी विमान पाठवावं लागतं. त्या खर्चाला किती डोक्यांनी भागायचं?"

मग विषयही तिनेच बदलला. मला वाचवायला. उरलेले आंबेसुद्धा ठेवून गेली. मी साधं सॉरी म्हटलं नाही.

मला माहीत नव्हतं, असं थोडंच आहे? आज सकाळीच ऑफिसात त्याच आकड्यांखाली मी तळटीप लिहिली: वस्ती विरळ, अंतरं लांब, म्हणून खर्च जास्त, नुसती दरडोई तुलना करू नये.

बोलताना ती तळटीप आठवली नाही असंही नाही. आठवली होती. पण ती सांगितली असती तर कोणी हसलं नसतं.