पाठमोरा काइटसर्फर

४ जानेवारी
ठरलं. मार्चमध्ये कॅरिबियन. काइटसर्फिंग! पायाखाली फळी, कमरेला भलामोठा पतंग, वारा ओढणार आणि आपण लाटांवरून सुसाट. मेहुणा मुकुल तिथल्या एका बेटावर नोकरीला आहे, तो शिकवणार. बीच एकदम कोरा. हॉटेल नाही, टपरी नाही, लाइफगार्डही नाही. ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. आता गेलो नाही तर नाक कापलं जाईल, पण तो प्रश्नच नाही.

७ जानेवारी, स. ६.३०
सराव सुरू. पाटावर उभा, समोर टेबल फॅन तीनवर. बॅलन्स झकास.

११ जानेवारी
मुकुलची अट: न थांबता दोनशे मीटर पोहल्याचा व्हिडिओ पाठवा, भावोजी, मगच या. तिथे वाचवायला कोणी नसतं म्हणे. अपमान! आम्ही वेंगुर्ल्याचे. समुद्र रक्तात आहे. माझा जन्म बोरिवलीतला, पण रक्ताला पिनकोड नसतो.

१८ जानेवारी
स्विमिंग पूलचा फॉर्म भरला. ‘पोहता येते’वर टिक केली. निगेटिव्ह विचार करायचा नाही.

२० जानेवारी
टेस्ट. चार हात मारले आणि वाट लागली. पाणी जड होतं. कोचने बांबू पुढे करण्याआधीच सोबत आलेल्या बाबांनी कपड्यांसकट उडी मारली. वय अडुसष्ट, गिरणी बंद पडल्यापासून पाण्यात उतरलेले नाहीत. मला काठाला लावून म्हणाले, “पाय हलय मरे, निल्या.” मग स्वतः आठ फेऱ्या मारून आले. काही गरज नव्हती.

२ फेब्रुवारी
बाबांचा पोहतानाचा व्हिडिओ मुकुलला पाठवला. टोपी, गॉगल, मागून घेतलेला. बापलेकांची पाठ सारखीच. ‘हा मी’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

३ फेब्रुवारी
मुकुलने ओळखलं. म्हणतो, व्हिडिओतला माणूस पाठवा. मी हसण्यावारी नेलं. बाबांनी मनावर घेतलं. दुबईला ताईकडे जाताना त्यांचा पासपोर्ट कशाला काढला!

५ मार्च
बाबा मुकुलकडे रवाना झाले. माझी रजा मंजूर झालेली, रद्द केली तर ऑफिसात काय सांगू? घरीच राहायचं, पडदे लावून. यालाही मानसिक तयारी लागते.

१२ मार्च
बाबांचा लाटेवरचा फोटो आला. पाठमोरा. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. लाज वाटली. एकोणीस अंगठे आले.

१५ मार्च, सायं. ७
कोथिंबीर आणायला खाली उतरलो, तर समोर ऑफिसातला सर्वेश. हा मालाडचा, इथे कशाला कडमडला? “कधी आलास रे?” म्हणाला. फ्लाइट, जेटलॅग, सगळं तयार होतं. का कोण जाणे, खरं बोललो.
“गेलोच नाही.”
“मग फोटोतला तो कोण?”
“बाबा.”
सर्वेश म्हणाला, “तरीच.”