पास वसूल

४ जानेवारी १९५४, सोमवार

डोंबिवली स्टेशनात तिकिटाच्या खिडकीशी आज नुसता गोंधळ! ह्यांनी बजावून पाठवलेलं — रोज परतीचं तिकीट काढायचं, बाकी कुणाचं ऐकायचं नाही. आणि सासूबाई खिडकीत तोंड घालून मास्तरांना विचारतायत, "पंधरा दिस रोज भायखळ्याला जायाचं हाय. स्वस्तात काय बसंल?"

सासूबाईंचा उजवा खांदा दिवाळीपासून धरलाय. हात डोक्याच्या वर जात नाही. भायखळ्याच्या इस्पितळात पंधरा वेळा विजेचा शेक घ्यायला सांगितलाय. एकट्या कशा जाणार, म्हणून सोबत मी. लग्नाला दीड वर्ष झालं, पण दोघींनीच मिळून कुठे जायची ही पहिली खेप.

मास्तर म्हणाले, "महिन्याचा पास काढा बाई. आठ-दहा दिवसांत वसूल होतो. शिवाय वाटेत कुठेही उतरा."

"कुठंपन?"

"कुठेही. आणि भायखळ्याऐवजी बोरीबंदरपर्यंतचा घेतलात तर थोडंच जास्त पडेल."

मी आपली भायखळा-भायखळा करत होते. तोवर सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडली. "दोन द्या. बोरीबंदर!"

पासावर आमची नावं लिहिली. ठमाबाई, वय ५१. गोदा, वय २०. माझं नाव असलेला सरकारी कागद मी पहिल्यांदाच हातात धरला.

रात्री पास पाहून हे अर्ध्या जेवणावरून उठले.

६ जानेवारी

शेकाचा दिवा लालभडक. खांद्यावर सोडतात आणि वीस मिनिटं हलायचं नाही. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "गोदे, माझा पापड होतोय गो!" नर्ससुद्धा हसली. त्या विनोद करतात हे मला ठाऊकच नव्हतं. घरी तर 'मीठ बघून घाल' आणि 'दार ओढून घे', एवढंच बोलणं.

९ जानेवारी

शेक लवकर आटपला. "पास बोरीबंदरचा काढलाय ना? मग बोरीबंदर बघू या," सासूबाई म्हणाल्या. गेलो! तिथून ट्रामने गिरगावाकडे निघालो. मध्ये ट्राम बदलायची होती. कंडक्टर म्हणाला, हेच तिकीट पुढच्या ट्रामला चालेल. सासूबाईंना पटेना. दुसऱ्या ट्राममध्ये चढल्या आणि पैसे पुढे करून बसल्या.

"मावशी, तिकीट आहे की तुमच्याकडे," तिथला कंडक्टर म्हणाला.

"ते त्या गाडीचं. तुझं काय?"

"आम्ही एकाच घरचे, मावशी."

मग कुठे पैसे आत गेले. उतरताना त्याला म्हणाल्या, "घरच्यांना सांग, चांगली माणसं हाव तुमी."

१४ जानेवारी

संक्रांत. शेकाला सुट्टी. दिवसभर घरात दोघींनाही चैन नाही! पाच वाजता सासूबाई म्हणाल्या, "आता आपुन परतीच्या वाटेवर असतो."

२१ जानेवारी

आज शेक संपला. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं. गेला वर! थेट! सासूबाईंनी दोनदा करून दाखवला, मग दारातल्या शिपायालाही दाखवला.

हे म्हणाले, "चला, सुटलात एकदाच्या त्या धावपळीतून."

मला वाईट वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

सासूबाईंनी पास दिव्याजवळ धरला. "गोदे, वाच. कवापर्यंत हाय?"

"तीन फेब्रुवारीपर्यंत."

"म्हंजे तेरा दिस बाकी! आणि तू सुटलात कसलं म्हनतोस रे महिपत? पैसे भरलेत. वाया घालवू?"

ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

२२ जानेवारी

राणीची बाग. गेंडा चिखलात. सासूबाई म्हणाल्या, "हा आपल्या सरपंचासारखा बसलाय."

२३ जानेवारी

मत्स्यालय. काचेतले मासे बघताना मला वाटलं, सासूबाई थक्क होतील. पण त्या माशांची नावं सांगत सुटल्या. कुठला कालवणात चांगला, कुठला सुकवून. मागे पाच-सहा माणसं जमली ऐकायला!

बाहेर कट्ट्यावर बसलो. त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या, "तुझे सासरे गेले तवा महिपत सात वर्सांचा. मी अशी काय नुसती बसलेलीच नाय कधी." मी नुसता त्यांच्या हाताला हात लावला. काढून घेतला नाही त्यांनी.

२५ जानेवारी

ट्रामच्या थांब्यावर एक बाई पांढऱ्या झग्यात, गळ्यात क्रूस, भाजीवाल्याशी भांडत होती. बोली ऐकून सासूबाईंनी कान टवकारले. "कनच्या गावची गो तू?"

"कोलशेतची. का गो?"

"मी बाळकुमची!"

झालं! शेजारशेजारची गावं; रस्त्यातच माहेर भरलं. ती मॅग्डलीन. जवळच एक लहान सूतिकागृह आहे, तिथली मुख्य नर्स. चहाला घेऊन गेली. आत एक आया चार दिवसांच्या पोराला न्हाऊ घालत होती. पोर निळंजांभळं होऊन रडत होतं. सासूबाईंना बघवेना. "आन इकडं!" कासोटा खोचला, पाय पसरून बसल्या, पोर पायांवर घेतलं. तेलाचा हात छातीवरून, पाठीवरून, मग कोमट पाणी धारेनं. पोर गप्प झालं. मग जांभई दिली!

मॅग्डलीन दारात उभी राहून बघत होती. मीपण. बाळकुमला असताना त्यांनी अख्ख्या आळीची पोरं न्हाऊ घातलेली, हे मला आज तिथे कळलं.

२८ जानेवारी

रोज तिथेच जातोय. आज सहा बाळं. मी पंचे वाळत घालते, बाळंतिणींची पत्रं लिहून देते. मॅग्डलीन म्हणाली, "ठमाबाय, कायमची ये. पगार देईन. इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी."

गाडीत ठाणं गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "या वयात कोन पगार देतं गो?"

३० जानेवारी

सासूबाईंनी ह्यांना सांगितलं. बोलताना पदर सारखा नीट करत होत्या.

हे भडकले. "मी कल्याणच्या कचेरीत कारकून, आणि माझी आई मुंबईला परक्यांची पोरं धुणार? लोक म्हणतील, मुलगा पोसत नाही."

"पोसतोस की. कोन नाय म्हनतं?"

"मग?"

सासूबाई उठून भांडी घासायला बसल्या. भांडी मी मघाशीच घासलेली.

मी तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं?

४ फेब्रुवारी

पास संपला. आज गेलो नाही. सासूबाईंनी दोन्ही पास देव्हाऱ्याशेजारी ठेवले आणि तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होत्या.

५ फेब्रुवारी

बोलले! शेवटी मी तोंड उघडलं. सासूबाई विहिरीवर गेलेल्या. हे दाढी करत होते.

म्हटलं, "तुम्ही आईंना हसताना पाहिलंय?"

"हा काय प्रश्न?"

"मी पाहिलंय. महिनाभर रोज. तुम्ही घरी यायच्या आधी संपायचं ते."

वस्तरा थांबला. म्हणाले, "तुला काय कळतंय?" मी म्हटलं, "लोक एक दिवस बोलतील. आई मात्र उरलेली सगळी वर्षं तांदूळ निवडत बसतील." मग भीतीने आत पळाले. भाजी करपली.

दारात सासूबाई घागर उतरवत होत्या; किती ऐकलं, कोण जाणे.

८ फेब्रुवारी, सोमवार

उठले तर चूल पेटलेली, भाकऱ्या थापून ठेवलेल्या, सासूबाई नाहीत. माझ्या उशाशी कोठीच्या किल्ल्या! दीड वर्षात मी त्या किल्ल्यांना हात लावलेला नाही. त्यांचा भाकरीचा डबा मात्र ओट्यावरच राहिलेला. हे उठले, किल्ल्या पाहिल्या, डबा पाहिला. डबा उचलला आणि अनवाणीच स्टेशनकडे धावले. अर्ध्या तासाने परत आले, घामाघूम, हात रिकामे.

"भेटल्या?"

"गाडी सुटत होती. खिडकीतून दिला."

"काही म्हणाल्या?"

हे पाय धुवायला बसले. मग म्हणाले, "ओरडून म्हणाली, या खेपेला तिमाही पास काढलाय."