सहा नंबरच्या खोलीचं दार

सोमवार, ता. ३
आले एकदाची. दोन बॅगा, एक दुखरा गुडघा आणि अठरा वर्षांचा अनुभव, एवढंच सामान. ट्रेनिंग सेंटर दुमजली आहे, स्वच्छ, भरपूर उजेडाचं. इमारतीत जे जे आपोआप चालतं, एसी, हवेच्या झडपा, दारांची कुलपं, आगीचे अलार्म, ते बसवणारे आणि तपासणारे टेक्निशियन इथे तयार होतात. गुडघ्याने शिडीशी फारकत घेतली, तेव्हा आता चढणाऱ्यांना शिकवायचं.

सेंटरचे प्रमुख साखर पेरून बोलणारे गृहस्थ आहेत. सहा जणांची परीक्षा शनिवारी, १५ तारखेला, आणि लगेच सोमवारी सहाही जण एका नव्या हॉस्पिटलच्या कामावर. ही तारीख हलणार नाही असं चहा संपेपर्यंत त्यांनी तीनदा सांगितलं. पास झाल्याच्या कागदावर सही माझी. नोकरी टिकवायची तर १५ तारीख पाळायला हवी, हे न सांगता कळलं.

पोरं गुणी वाटली. त्यातली एक मुलगी प्रत्येक वाक्याला हरकत घेते. तिला पहिल्याच तासाला बाकीच्यांनी ‘वकील’ म्हणून हाक मारलेली ऐकली. मला ती फार आवडली. रात्री फोनवर ताईला म्हटलं, आता माझी काळजी सोड.

बुधवार, ता. ५
आज जोडीने तपासायला शिकवलं. एक जण खोलीत, एक जण स्क्रीनपाशी, दोघांच्या हातात वॉकीटॉकी. खोलीतल्याने सेन्सर मुठीत धरून गरम करायचा, स्क्रीनवाल्याने आकडा वाचायचा. कुलूप असेल तर स्क्रीनवाल्याने उघडायचं आणि मग उठून, चालत जाऊन, दार हाताने ढकलून बघायचं. तेव्हाच चेकलिस्टवर ‘पाहिलं’ लिहायचं. स्क्रीनवर हिरवं दिसणं म्हणजे पाहणं नव्हे, हे मी इतक्यांदा बजावलं की पोरं माझी नक्कल करायला लागली. वकीलबाईंनी विचारलं, मॅडमनी अठरा वर्षांत एकदाही न पाहता लिहिलं नाही का. मी ‘नाही’ म्हटलं. फारच चटकन म्हटलं.

शुक्रवार, ता. ७
कॉरिडॉरच्या टोकाला सहा नंबरची खोली आहे. आठ बाय दहा, खिडकी नाही, जाड लोखंडी दार. सरावासाठी इथे फाइलींची खोली उभी केली आहे: आग लागली की विझवणारा गॅस सुटतो, आणि त्याच क्षणी दाराचं कुलूप आपोआप सुटायला हवं, नाहीतर आतला माणूस गुदमरेल. गॅसच्या बाटल्या अर्थातच नाहीत, आम्ही नुसता आगीचा खोटा इशारा देतो.

या खोलीतला कार्बन डायऑक्साइड आज दुपारी वाढत गेला. रिकाम्या खोलीत आकडा साडेचारशेच्या आसपास असतो. दोन वाजता तो चढायला लागला: सहाशे, आठशे, हजार. वकील म्हणाली, आत कोणीतरी श्वास घेतंय. सगळे हसले. मी दार उघडून पाहिलं, आत कोणी नव्हतं. सेन्सर बिघडला असणार. सोमवारी बदलते.

सोमवार, ता. १०
नवा सेन्सर लावला. दोनला आकडा चढायला लागला. दोन वीसला थांबला. चढणं थांबलं, उतरणंही नाही, नुसता तिथेच.

स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, दार, कुलूप, त्याच्या तारांची पेटी म्हणजे पॅनल, सगळं भंगारातलं आहे, एक ऑफिस पाडत होते तिथून ट्रकभर उचललं. काकांनी सहज सांगितलं. मी सहज ऐकून घेतलं आणि पॅनल उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळं पडलेलं लेबल. ‘कुलूप सुटतं. पाहिलं.’ खाली सही.

माझी सही.

मंगळवार, ता. ११
लिहून टाकते. कोणाला तरी सांगायला हवं, निदान या वहीला.

नऊ वर्षांपूर्वी. त्या ऑफिसात चाळीस पॉइंट तपासायचे होते. एकोणचाळीस झाले होते, एकोणचाळीसही बरोबर निघाले होते. शेवटचं दार तळघरात. गुडघा ठणकत होता, घरी जायची घाई होती. मी स्क्रीनवर कुलूप सोडलं, हिरवं दिसलं, खुर्चीतून न उठता लेबल लिहिलं. ते खाली चिकटवायला हेल्परच्या हाती दिलं. दार ढकलूनही पाहिलं नाही.

चार महिन्यांनी दुपारी दोनला तिथे गॅस सुटला. स्क्रीनवर दार उघडं दिसत होतं. आत फाइली लावणारा माणूस होता. बाहेरचे लोक स्क्रीनवर विसंबून राहिले. वीस मिनिटं.

चौकशीत कुलूप सदोष निघालं, बनवणाऱ्यावर ठपका आला. माझ्या लेबलकडे कोणी बघितलंही नाही. त्या गेलेल्या माणसाच्या बायकोला मी भेटायला गेले होते. तिने मला पाणी दिलं. ते पिऊन मी निघाले, लेबलाचं न सांगता.

बुधवार, ता. १२
प्रमुखांना सांगितलं, सहा नंबरचं दार काढून टाका. ते हसले. नवीन यायला महिना लागेल म्हणाले, तेवढा एक पॉइंट लिहून टाका, बघतंय कोण.

ताईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईकडे जा आणि खरं सांग. परीक्षा झाली की जाईन म्हटलं.

वॉकीटॉकी टेबलावर बंद होती. दोन दहाला त्यातून खरखर आली. मग ठोकल्याचा आवाज, लोखंडावर मुठीने.

गुरुवार, ता. १३
वकील माझ्या नकळत सहा नंबरमध्ये सरावाला गेली. स्क्रीनवर दार उघडं, पण वॉकीटॉकीवर तिची हाक. मी उठले, धावले, गुडघ्याची पर्वा न करता. दार बंद होतं, आतून ती ठोकत होती. पहारीने उघडलं तेव्हा पोरीचा चेहरा पांढराफटक.

ती आज एकाही शब्दाला हरकत घेत नव्हती. एवढंच सांगितलं, की आत एक माणूस उभा होता, त्याने तिला काही केलं नाही. तो फक्त विचारत होता, दार कोणी पाहिलं.



शुक्रवार, ता. १४
प्रमुखांनी सहाही कागद टेबलावर ठेवलेत. सह्या आत्ता हव्यात.

पेन हातात घेतलं. एक सही, मग सगळं सुरळीत. आणि सोमवारी ही सहा पोरं हॉस्पिटलात तशीच दारं तपासणार, माझ्याकडून शिकून.

नाही. दार खरंच सुटतं हे पाहिल्याशिवाय सही नाही. उद्या परीक्षेत मी स्वतः आत जाणार. वकील स्क्रीनपाशी. तिला बजावलंय: हिरवं दिसलं तरी उठायचं, चालत यायचं, दार ढकलायचं. ती म्हणाली, येईनच मॅडम.

शनिवार, ता. १५
१.५५. दारात लाकडी पाचर ठोकून आत आले. बाहेर पहार ठेवली आहे. वही गुडघ्यावर. भीती वाटते आहे, पण पोरांसाठी एवढं करायलाच हवं.

२.०० दार लागलं. आवाज नाही. पाचर माझ्या पायाशी पडलेली —

सेन्सरच्या डबीवर आकडा पाचशे. सहाशे. माझ्या एकटीच्या श्वासाने इतका भरभर —

वकीलला वॉकीटॉकीवर सांगितलं, कुलूप सोड. उत्तर नाही. पुन्हा सांगितलं.

२.०९ हजार. कोपऱ्यात कोणी आहे. मी वर बघत नाही. लिहीत राहते.

त्याला सांगितलं. सगळं. मी पाहिलं नव्हतं, मी खोटं लिहिलं, माफ कर. तो दाराकडे बघतोय. माझ्यासारखाच वाट —

२.१३ वॉकीटॉकीतून आवाज आला. कुलूप सोडलंय म्हणाला. बाईचा आवाज, वकीलचा नाही. घाईतला, कंटाळलेला. ओळखीचा.

२.१५ ओरडले. उघडलेलं नाही. ये, ढकलून बघ. तीस पावलं आहेत फक्त —

ती म्हणाली, हिरवं दिसतंय. मग पेनचा आवाज. लेबलवर लिहिल्याचा. ती लिहिता लिहिता मोठ्याने वाचते, मी तशीच वाचायचे —

पाहिलं.

२.१८ श्वास — येईल. उठेल. आत्ता खुर्ची सरकल्याचा आवाज —

नाही. मला आठवतंय ना. ती उठत नाही. मी उठलेच नव्हते, मी तिथे बसून —