सरसेनाध्यक्षांनी मंजूर केलेली रजा

प्रिय अण्णा,

तुम्ही असतात तर हे तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नसती. म्हणून लिहितोय. काल सारसोळ्याच्या कोळीवाड्यात जाऊन आलो, तेव्हापासून तुमच्या फोटोकडे बघवत नाही.

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत छोटं नाटक होतं. त्यात मी सरसेनाध्यक्ष, म्हणजे तिन्ही दलांचा प्रमुख, झालो. फौजेतल्या हवालदाराचा मुलगा म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे केलं! भाड्यानं वर्दी आणली, छातीभर पदकं, खोटी मिशी. आरशात बघून काय ऐटीत चाललो होतो मी!

निवृत्तीनंतर तुम्ही वर्दी एकदाही अंगावर चढवली नाहीत. माझ्या लग्नातसुद्धा नाही. आई किती मागे लागली होती, आठवतं? मी मात्र नाटक संपलं तरी ती उतरवली नाही. लोक सेल्फी काढत होते ना!

तेवढ्यात हिराबाई आली. आमच्या गेटपाशी मासे विकते, सारसोळ्याची. नाटक तिनं पाहिलंच नव्हतं. टोपी-मिशीत मला ओळखलंही नाही. सरळ हात जोडले.

"सायेब, तुमी सगल्यांचं मोठं ना? माझा पोऱ्या फौजेत हाय. भयनीचं लगीन आलंय, त्याला सुट्टी मिलत नाय. तुमी कोनाला तरी सांगा ना!"

अण्णा, मला माहीत नव्हतं का? टीव्हीवर संचलनात सरसेनाध्यक्ष दिसले तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत, "अरे, तिन्ही दलांना एकत्र जुळवायचं, सरकारला सल्ला द्यायचा, हे त्यांचं काम. जवानाची रजा ते कशाला बघतील? ती आपल्या पलटणीतच ठरते." मी जन्मलो तेव्हा तुम्हाला रजा मिळाली नव्हती. तुम्ही आलात तेव्हा मी रांगत होतो. म्हणजे रजा म्हणजे काय, हे आपल्या घराला कुणी शिकवायला नको होतं.

पण समोर मोबाइल रोखलेले. मी आवाज घोगरा केला आणि म्हणालो, "माई, रजा मंजूर!"

टाळ्या पडल्या. तिचे डोळे भरून आले. आणि मला काय वाटलं असेल? गंमत, अण्णा. गंमत वाटली!

परवा वॉचमन म्हणाला, "ती मासेवाली मोठ्या साहेबांचा फ्लॅट विचारतेय." काल तिच्या घरी गेलो.

लग्न होऊन गेलं होतं. मुलगा आला नाही. नवऱ्या मुलाकडचे तारीख पुढे ढकलायला तयार होते, पण हिनंच नको म्हटलं. साहेबांनी शब्द दिलाय ना! कानपिळीला भावाच्या जागी चुलतभाऊ उभा राहिला.

"हलद लागेस्तोवर मी रस्त्यावं वाट बघत व्हते," ती म्हणाली. "पोऱ्या फोनवं सांगत व्हता, आये, असा कोन सायेब रजा देत नाय. मी त्यालाच वरडले. बोलले, तुलाच यायचं नाय. भयनीची तुला मायाच नाय. तवापासून त्याचा फोन मी उचलला नाय. म्हनून त्या सायबाला शोधतंय. त्यानं शब्द का पाळला नाय?"

जमीन दुभंगावी असं वाटलं. म्हणालो, "माई, तो साहेब मीच. नाटक होतं ते. मी गोदामात कारकून आहे."

मला वाटलं शिव्या देईल, हाकलून लावेल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं! तिनं फोन लावला आणि माझ्या हातात ठेवला. "आता तूच सांग त्याला."

सांगितलं. नाटक, टाळ्या, सगळं सांगितलं. मग तो एवढंच म्हणाला, "आयेला फोन द्या."

तिनं फोन कानाला लावला, "बाला..." म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली. मी चपला घालून बाहेर पडलो.

अण्णा, आज एक शब्द देतो. येत्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जिथे टाळ्या पडल्या तिथेच उभा राहून हे सगळं सांगेन. आणि तो पोरगा रजेवर येईल तेव्हा त्याच्या दारात जाईन. तो जे बोलेल ते खाली मान घालून ऐकेन. हा शब्द कुणा साहेबाचा नाही, तुमच्या मुलाचा आहे.

तुमचाच,
सुधीर