काचेपलीकडे पाठवलेले पत्ते

४ मार्च, मंगळवार

प्रोग्राम पाठवणं नव्वद टक्क्यांवर येऊन तुटलं. तिसऱ्यांदा! काचेच्या आत सासूबाई हातातला व्हिडिओ गेम माझ्याकडे वळवून दाखवतायत — पडदा काळा, मधोमध लाल अक्षरं — आणि बाहेर बाकावर मी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. काचेजवळच्या फोनवर म्हणाल्या, "मोडलंस का गं?" नाही मोडलं, आई. बंद करून परत चालू करा.

नीट पहिल्यापासून लिहिते, म्हणजे डोकं जरा शांत होईल. रक्ताचा आजार. औषधांचा पहिला फेरा झाला, अंगात प्रतिकारशक्ती म्हणून उरली नाही, म्हणून ही काचेची खोली. आत जाणारी प्रत्येक वस्तू स्पिरिटने पुसून जाते. पत्त्यांचा कॅट नेला तर सिस्टर म्हणाल्या, "कागद कसा पुसू?" झालं. आयुष्यभर रोज सकाळी चहाबरोबर पेशन्स लावणारी बाई, आणि पत्ते बंद! मग माळ्यावरून नवऱ्याचा कॉलेजातला गेम काढला. सिस्टरनी तो पारदर्शक पिशवीत घातला, कडा चिकटवून टाकल्या. बटणं पिशवीवरूनच दाबायची. मेमरी कार्ड घालायची खाच आत गेली ती गेलीच. आता त्यात काही नवं घालायचं तर वाय-फायवरून.

आणि नवं घालणं भाग आहे, कारण आतला तयार पेशन्स सासूबाईंना मान्य नाही. "यात माझा नियम नाही." त्यांचा नियम असा: डाव अडला की एकदाच, खाली दडलेला एक पत्ता उसना घ्यायचा. जगातल्या कुठल्याही कंपनीने हा नियम मानलेला नाही. म्हणून दुकानांतल्या वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहिणारी मी सध्या सासूसाठी पेशन्स लिहितेय. नवऱ्याने कॉलेजात असताना या गेमचं कुलूप कुणाकडून तरी काढून घेतलं होतं, त्यामुळे घरचे प्रोग्राम त्यात चालतात. त्याचा एवढा एक उपयोग झाला.

५ मार्च

पोचला!

तुटायचं कारण सापडलं. सिस्टरांच्या खोलीतला मायक्रोवेव्ह. डबे गरम व्हायला लागले की वाय-फाय मान टाकतं. सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, "मग आम्ही थंड जेवायचं का?" नाही हो बाई, मीच लवकर येत जाईन. म्हणजे ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा. साहेबांचा चेहरा आत्ताच दिसतोय.

प्रोग्राम घ्यायच्या वेळी गेमच्या पडद्यावर एक नंबर येतो. तो मी इकडे टाकल्याशिवाय काही जात नाही, आणि तो दर वेळी बदलतो. सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. एकेक आकडा सुटा करून सांगतात, मग म्हणतात, "परत म्हणून दाखव." मी शहाण्या मुलीसारखी म्हणून दाखवते. आजारी त्या आहेत की मी, असा प्रश्न पडतो.

पहिल्याच डावात उसना पत्ता घेतला आणि समाधानाने मान हलवली. मला इतकं बरं वाटलं की तिथेच डुलकी लागली.

६ मार्च

डॉक्टर आज स्पष्ट बोलले. दुसरा फेरा घ्यायला हवा. पहिल्यापेक्षा जोरात असेल. घेतला तर निम्मी आशा. नाही घेतला तर काही महिने, घरी. पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगा.

सासूबाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "रोज सकाळी एक डाव लावीन. शुक्रवारपर्यंत एकदा जरी लागला तरी औषध घेईन. नाही लागला तर घरी येईन."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, पेशंट मजेत आहे. मी नाही हसले. या घरातले सगळे निर्णय असेच झालेत. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सासऱ्यांनी मुदतीआधी घेतलेली निवृत्ती, स्कूटर विकणं. मी विचारलं, "आई, माझ्या वेळीही लावला होता?"

"लावला होता की."

"लागला?"

"नाही. पण पोरगं ऐकेना."

दोघी हसलो. मग त्यांना खोकला आला आणि सिस्टर धावत आत गेल्या.

नवरा म्हणतो, "तू समजाव तिला, तुझं ऐकते." हा येतो, काचेपाशी उभा राहतो, लहान मुलासारखा हात हलवतो, आणि "गाडी नीट लावली नाहीये" म्हणून खाली जातो. आई त्याची, आणि समजवायचं मी. चिडावं तर तेवढी ताकद नाही. खाली जाऊन पाहिलं तर गाडीत बसून रडत होता.

८ मार्च

नाही लागला.

९ मार्च

नाही. उसना पत्ता फार लवकर घेतला, म्हणाल्या. "घाई झाली."

१० मार्च

त्यांचे कपडे उकळून, इस्त्री करून, पिशवीत बंद करून दिले. मग ऑफिस. एका काट्यात पाच ग्रॅमचा फरक येतोय, तो कुठून येतोय ते मला सापडत नाहीये. साहेब म्हणाले, "तुमचं लक्ष नाही." खरंच नाही. जीव अगदी मेटाकुटीला आलाय.

डाव? नाही लागला.

११ मार्च

एक गोष्ट लिहून टाकते. दुसरीकडे कुठे बोलणार?

आज सकाळी जिना चढताना मनात आलं, नाही लागला तर बरं. दुसरा फेरा म्हणजे आणखी तीन महिने हा बाक, हा वास, हे उकळलेले कपडे. आणि शेवटी निम्मीच आशा. घरी आल्या तर निदान त्यांच्या पलंगावर निजतील, मी माझ्या. असं मनात आलं. मी पायरीवर थांबले नाही, दचकले नाही, चढतच राहिले. म्हणजे ते आधीपासून आत होतं.

वर पोचले तर त्या काचेला डोकं टेकून बसलेल्या. केस सगळे गेलेत. म्हणाल्या, "थकले गं." मी म्हटलं, "मी पण."

नाही लागला.

१२ मार्च

नाही. उद्याचा आणि परवाचा, दोनच राहिले.

तक्रार आली आहे: बदाम आणि चौकट सारखेच दिसतात, लाल ठिपके नुसते. "डोळ्यांनी आधीच साथ सोडलीय, त्यात तुझी चित्रकला." नीट करून पाठवते म्हटलं.

१३ मार्च, गुरुवार

सकाळचा डाव नाही लागला. दोन पत्त्यांसाठी अडला.

ऑफिसात जेवायच्या सुट्टीत बदामाचं चित्र मोठं करायला बसले. ते झालं. मग पत्ते पिसायची ओळ समोर दिसली. एकच ओळ. ती काढून तिथे आधीच सोडवलेला डाव उलट्या क्रमाने मांडून ठेवला, की तो लागणारच. कसाही खेळा.

केला. तीनदा खेळून पाहिला. तिन्ही वेळा लागला.

मग दुसराही केला. चारही एक्के पार तळाशी, त्यांच्यावर राजे. हा जन्मात लागणार नाही, उसना पत्ता घेऊनसुद्धा. हा करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागला. लॅपटॉपवर दोन फाइली शेजारी-शेजारी, आणि मी लबाड बाई त्या घेऊन बाकावर येऊन बसले.

सासूबाईंनी नंबर सांगायला सुरुवात केली. आवाज कसला, नुसता वारा. मध्येच एक आकडा चुकला. "थांब, चुकलं," म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. एक्स्चेंजमध्ये कधी चुकल्या नसतील. मग म्हणाल्या, "बदाम झाला असेल तर किल्वरचंही बघ. त्याचा देठ दिसत नाही. आज नको, पुढच्या वेळी पाठवशील तेव्हा."

पुढच्या वेळी.

मी लागणारा डाव पाठवला. लॅपटॉपवरची पट्टी शंभर टक्के भरेपर्यंत वर पाहिलं नाही. कुणाचं भलं केलं कोण जाणे. तीन महिन्यांचा बाक मात्र स्वतःच्या हाताने मागून घेतला. सिस्टरनी तेवढा वेळ मायक्रोवेव्ह थांबवला होता, मी न सांगता. त्यांना धन्यवाद म्हणायचंही राहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

मी पोचायच्या आधीच डॉक्टर आत जाऊन आले होते. "हो म्हणाल्या," एवढं सांगून गेले. मी फोन उचलला आणि साळसूदपणे विचारलं, "लागला वाटतं?"

"लागला. उसना पत्तासुद्धा घ्यावा लागला नाही. इतकी वर्षं खेळतेय, असा डाव कधी आला नाही माझ्या हाती."

मी काचेकडे बघायचं टाळलं.

"न लागणाराही केला असशील ना?"

मी मान हलवली.

"माझ्या सासूच्या वेळी मी पण केला असता," म्हणाल्या. "असू दे. डॉक्टरांना मी हो सांगितलंय, ते काही आता बदलत नाही. तू खरा डाव पाठव."

रडू आवरेना. खरी फाइल कुठली, ते दिसेचना.